दम्यासाठी होमिओपॅथी: आमच्या इथल्या क्लिनिकचा रिव्ह्यू (लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव लिहिणार नाहीये. शाखा बऱ्याच आहेत, उगाच वाद नको, आणि मला जे बोलायचंय ते अशा कुठल्याही क्लिनिकला लागू पडतं. आम्ही डोंबिवलीत राहतो, क्लिनिक स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, आत एसी, माशांची टाकी, पोरांसाठी रंगीत खुर्च्या आणि भिंतीवर होमिओपॅथीचे जनक हॅनेमान साहेबांचा मोठा फोटो. आमच्या घरातले पेशंट दोन. एक चिरंजीव, दुसरीत आहेत, बालदमा, पाऊस सुरू झाला की छातीत मांजर बसल्यासारखी घरघर आणि पहाटे खोकला. दुसऱ्या सासूबाई, साठी ओलांडलेल्या, दमा माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा.

गेलो कशाला? तर सासूबाईंच्या आग्रहाने. पोराला मुलांच्या डॉक्टरांनी रोजचा पंप लावून दिला होता, स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) आणि मास्कसकट, आणि घरात एवढ्याएवढ्या मुलाला पंप म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, स्टेरॉइड आहे त्यात, उंची खुंटेल, एकेकाचं एकेक. आमच्या ह्यांच्या मामांनी तर मृगाला हैदराबादला घेऊन जा म्हणून सुचवलं, ते नामपल्लीच्या मैदानात जिवंत मासा गिळायला देतात ना दम्यासाठी, पिवळं औषध भरून, ते. त्यापेक्षा होमिओपॅथी बरी असं म्हणून मी तयार झाले, पण अट एकच घातली की मुलांच्या डॉक्टरांनी दिलेलं काहीही बंद होणार नाही. ह्या अटीवर मी शेवटपर्यंत ठाम राहिले आणि ते किती बरं झालं ते पुढे येईलच.

आता चांगलं आधी. डॉक्टर मॅडम. खरंच, ऐकून घेण्याला पाचपैकी पाच, सहा असते तर सहा दिले असते. पहिल्या भेटीत तासभर बोलत होत्या आणि घाई कुठे म्हणून नाही. खोकला किती वाजता सुरू होतो, झोपताना उशी किती उंच लागते, घाम डोक्याला येतो की अंगाला, तहान कशी, गोड आवडतं की खारट, अंधाराला घाबरतो का, रागावला की रडतो की गप्प बसतो, मला गरोदरपणात काही टेन्शन होतं का. चिरंजीव पहिल्यांदाच एखाद्या डॉक्टरशी एवढं बोलले, शाळेतल्या भांडणापर्यंत सगळं सांगून मोकळे. आणि ह्याच प्रश्नांमधून एक भारी गोष्ट निघाली. मॅडमनी विचारलं की ठराविक वारी जास्त होतं का, मी म्हटलं असं काही नाही, तर पोरगाच म्हणाला, गुरुवारी आजी धूर करते तेव्हा. आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी आरतीला निखाऱ्यावर धूप-राळ घालतात, खिडक्या बंद, घरभर धूर, आणि रात्री खोकला. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून धूप बंद, मच्छर कॉइलपण बंद (एक कॉइल जाळली की बारीक कण पंचाहत्तर ते सव्वाशेच्या वर सिगारेटींएवढे निघतात असं २००३ च्या एका संशोधनात मोजलेलं आहे, वाचून मी गार पडले), जाळ्या बसवल्या. सासूबाईंनी कुरकुर केली पण समईवर भागतंय.

मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत आपल्याला मिळतात पाच मिनिटं, त्यात दोन मिनिटं डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये बघतात. मग माणूस जिथे ऐकून घेतात तिथे जाणारच ना. होमिओपॅथीची निम्मी लोकप्रियता मला वाटतं ह्या तासाभराची आहे. छातीच्या डॉक्टरांनी हे मनावर घेतलं तर निम्मी क्लिनिकं ओस पडतील.

पण मॅडमच्या केबिनमधून बाहेर आलात की लगेच दुसऱ्या केबिनमध्ये पाठवतात, तिथे एक काउन्सिलर ताई बसलेली. पदवी कसली ते विचारलं तर विषय बदलला. तिच्याकडे लॅमिनेट केलेला तक्ता, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं, वर्षाचं पॅकेज, वर्षाचं घेतलं तर डिस्काउंट आणि आजच्या आज भरलं तर अजून डिस्काउंट. "मॅडम, दमा मुळापासून काढायचा तर वर्ष लागणारच, आणि हळूहळू तो पंप सोडवायचा आहे आपल्याला." हे वाक्य तिने डॉक्टरांच्या माघारी टाकलं. मॅडम स्वतः असं कधी बोलल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे लिहिते, त्या म्हणाल्या की चालू औषधं चालू ठेवा. मग काउन्सिलर कोणाच्या सांगण्यावरून बोलते? आम्ही दोघांचं मिळून सहा महिन्यांचं घेतलं. पैसे आधी, सगळे. सेल्सला एक स्टार, तोही एसीसाठी.

औषध म्हणजे त्या नेहमीच्या छोट्या बाटल्या, पांढऱ्या साखरेच्या गोळ्या, झाकणावर १, २, ३ असे आकडे. चार गोळ्या झाकणात घ्यायच्या, हात लावायचा नाही, जिभेवर ठेवायच्या, आधी-नंतर अर्धा तास काही खायचं नाही, कॉफी आणि कच्चा कांदा नको. पोराला जाम आवडल्या, लपवून ठेवाव्या लागायच्या. बाटलीवर औषधाचं नाव नाही. विचारलं तर रिसेप्शनवर म्हणाले, नाव सांगायची पद्धत नाही आमच्याकडे. का बरं? दुकानातून पाच रुपयाची क्रोसिन घेतली तरी पाकिटावर नाव, तारीख सगळं असतं. मी मॅडमनाच धरलं, त्यांनी मात्र लगेच कागदावर लिहून दिलं: पोराला नेट्रम सल्फ २००, सासूबाईंना आर्सेनिक अल्बम २०० आणि ब्लाटा ओरिएंटॅलिस मदर टिंक्चर. आणि तीन नंबरच्या बाटलीपुढे एसएल. एसएल म्हणजे सॅकरम लॅक्टिस, म्हणजे नुसती दुधाची साखर, औषध काहीच नाही. होमिओपॅथीत दोन डोसच्या मधल्या काळात पेशंटला काहीतरी घेतोय असं वाटावं म्हणून ती देतात, जुनी पद्धत आहे. म्हणजे पॅकेजच्या तीन बाटल्यांपैकी एक तर त्यांच्याच मते रिकामी. ब्लाटा ओरिएंटॅलिस म्हणजे झुरळ, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता मी नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवते, त्यामुळे २०० ह्या आकड्यावर डोकं अडकलंच. पद्धत अशी की मूळ पदार्थाचा एक भाग, ९९ भाग अल्कोहोल किंवा पाणी, जोरात हलवायचं, ही झाली पहिली पायरी. त्यातला एक भाग परत ९९ मध्ये. असं तीस वेळा केलं की ३०, दोनशे वेळा केलं की २००. आपली ॲव्होगॅड्रो संख्या (पदार्थाच्या एका मोलमध्ये, म्हणजे एका ठराविक मापात, किती रेणू असतात ती) आहे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच, एकावर चोवीस शून्यं एवढं पातळ झालं की, मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपायला येतो. तीसला आपण एकावर साठ शून्यं एवढं पातळ केलेलं असतं, दोनशेला एकावर चारशे शून्यं. म्हणजे पोराच्या बाटलीत नेट्रम सल्फ, म्हणजे सोडियम सल्फेट, त्याचा एक रेणूसुद्धा नाही. मॅडमना विचारलं तर चिडल्या नाहीत, हसून म्हणाल्या की हलवण्याने औषधाची शक्ती पाण्यात उतरते, पदार्थ उरला नाही तरी. मी ऐकून घेतलं. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोराने हे पेपरात लिहिलं तर मी मार्क देणार नाही, एवढंच म्हणेन. हॅनेमानने ही पद्धत मांडली १७९६ पासून पुढे, तेव्हा रेणू मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे त्याला दोष नाही. उलट त्या काळात बाकीचे डॉक्टर रक्त काढून पेशंट मारत होते, त्यापेक्षा साखरेची गोळी शंभर पटीने बरी होती.

मदर टिंक्चरचं वेगळं. त्यावर इंग्रजी क्यू लिहिलेला असतो, ते पातळ केलेलं नसतं, त्यात खरोखर मूळ पदार्थाचा अर्क असतो आणि अल्कोहोलपण बऱ्यापैकी असतं. "होमिओपॅथीला साइड इफेक्टच नाहीत" हे वाक्य क्यूच्या थेंबांना लावू नका, पोरांना तर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

वेटिंगमध्ये एक फ्रेम होती, "जगप्रसिद्ध लॅन्सेट मासिकात सिद्ध, दम्यावर होमिओपॅथी परिणामकारक, १९९४". बसून बसून कंटाळले होते म्हणून मोबाइलवर शोधलं. अभ्यास खरा आहे, ग्लासगोचा, लॅन्सेटमध्येच आलेला आणि निकालही होमिओपॅथीच्या बाजूने. पण पेशंट किती, तर २८. मग २००२ मध्ये ब्रिटनमध्येच तशाच धर्तीची, धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या दमेकऱ्यांची मोठी चाचणी झाली, २४२ जण, ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली आणि तिच्यात खोट्या गोळीपेक्षा काही जास्त मिळालं नाही. ही दुसरी फ्रेम भिंतीवर नाही. मुलांवरची चाचणीसुद्धा आहे, २००३, ९६ मुलं, प्रत्येकाला आमच्या मॅडमसारखी नीट हिस्टरी घेऊन वेगवेगळं औषध, नेहमीचे पंप चालू ठेवून, वर्षभर. तिथेही खोट्या औषधापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. कॉक्रेन नावाची संस्था असे सगळे अभ्यास एकत्र करून बघते, त्यांनी २००४ मध्ये दम्यावरच्या सहा चाचण्या बघितल्या, ५५६ लोक, निष्कर्ष काय तर वापरा असं सांगण्याइतका पुरावा नाही. "पेशंटप्रमाणे औषध बदलतं म्हणून आमची चाचणी घेताच येत नाही" असं जे सांगतात ना, त्यांना ती ९६ मुलांची चाचणी दाखवा.

मग पोरगा बरा झाला का? हो, बराच. ह्या हिवाळ्यात नेब्युलायझर कपाटातून काढावा लागला नाही. सासूबाई म्हणणार गोळ्यांचा गुण. पण बघा ना, त्याच काळात काय काय झालं: पंप रोज, न चुकता, स्पेसरमधून, धूप बंद, कॉइल बंद, पावसाळा संपला, आणि पोरगा एक वर्षाने मोठा झाला, बऱ्याच मुलांची घरघर वयाबरोबर कमी होतेच. आपण नवीन डॉक्टरकडे कधी जातो, तर सगळ्यात जास्त त्रास असतो तेव्हा, म्हणजे त्यानंतर काहीही केलं तरी थोडा उतार येणारच होता. ह्यात गोळ्यांच्या वाट्याला किती येतं हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायला बसलं तर वरचे अभ्यास सांगतात काय येतं ते.

मधे एकदा रात्री खोकला वाढला होता तर काउन्सिलरचा फोनवर सल्ला, घाबरू नका, औषध लागू पडतंय, दडपलेलं बाहेर निघतंय. होमिओपॅथीत असा एक सिद्धांत आहेच, हेरिंगचा नियम म्हणतात, आजार आतून बाहेर जातो वगैरे, शिवाय बरं होण्याआधी त्रास वाढतो असंही ते मानतात. डोकं फिरलं माझं. कमी झालं तर गोळ्यांचा गुण, वाढलं तरी गोळ्यांचा गुण, मग गोळ्या चुकल्या हे कळणार कधी? त्वचेच्या खाजेच्या बाबतीत चालवून घेऊ एकवेळ, दम्यात नाही. मी सरळ डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणे निळा पंप (धाप लागली की लगेच आराम देणारा, रोजचा नव्हे) दिला आणि सकाळी मुलांच्या डॉक्टरांना दाखवून आले. ज्यांच्या घरी दमेकरी पोर आहे त्यांनी एवढं तरी पाठ करून ठेवा: एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात किंवा निळा पंप देऊनही चार तासांच्या आत परत धाप लागते, तर प्लॅनप्रमाणे पंप द्यायचा आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं, गोळ्याबिळ्यांची वेळच नाही ती.

सासूबाईंचा किस्सा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांना खरंच छान वाटायला लागलं होतं. चेहरा खुलला, जिना चढताना तक्रार नाही, शेजारच्या काकूंना क्लिनिकचा पत्ता देऊन झाला. आमच्याकडे पीक फ्लो मीटर आहे, प्लॅस्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं आणि काटा कुठे गेला ते बघायचं, केमिस्टकडे काही शे रुपयांत मिळतं. छातीच्या डॉक्टरांनी रोज लिहून ठेवायला सांगितलेलं, आई कंटाळा करायच्या म्हणून मी एका रविवारी मागे लागून फुंकायला लावलं. त्यांचा नेहमीचा आकडा २६० च्या आसपास. आला १८०. परत फुंकलं, १८०. म्हटलं, "आई, पंप घेताय ना?" तर म्हणाल्या, "अगं त्या काउन्सिलर मुलीने सांगितलं हळूहळू कमी करा, मी कमी केला, आणि मला तर इतकं बरं वाटतंय." म्हणजे श्वासनळ्या आवळत चालल्यात आणि बाईंना बरं वाटतंय! त्याच दिवशी पंप परत सुरू, दुसऱ्या दिवशी डॉक्टर, ते शांतपणे बोलले पण बोलले. काही दिवसांत आकडा वर आला.

हे फक्त आमच्या आईंचं नाही बरं का. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक गाजलेला अभ्यास आला होता, दमेकऱ्यांना कधी खरा सालब्युटामॉलचा पंप (म्हणजे निळ्या पंपातलं औषध), कधी खोटा पंप, कधी खोटं ॲक्युपंक्चर, कधी काहीच नाही. फुप्फुसाचा आकडा खऱ्या पंपाने सुमारे २० टक्के सुधारला, बाकी तिन्हींत ७ टक्क्यांच्या आसपास. पण कसं वाटतंय विचारलं तर खरा पंप, खोटा पंप आणि खोट्या सुया, तिन्हीकडे लोक जवळजवळ सारखंच बरं वाटतंय म्हणाले. दम्याच्या क्लिनिकच्या भिंतीवरचे "मला खूप फरक पडला" वाले सगळे फोटो आणि व्हिडिओ हा अभ्यास डोक्यात ठेवून बघा. ते लोक खोटं बोलत नसतात. फक्त त्यांना कोणी फुंकायला लावलेलं नसतं. आमच्या क्लिनिकमध्ये साधं पीक फ्लो मीटरसुद्धा नाही, मी विचारलं, दम्याच्या पॅकेजचे पैसे घेतात आणि श्वास मोजायचं साधन ठेवत नाहीत. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच.

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल थोडं, कारण सगळी गर्दी त्या भीतीमुळेच आहे. पोराच्या पंपात बुडेसोनाइड आहे, एका पफला १०० मायक्रोग्रॅम. दम उठल्यावर तोंडाने देतात त्या प्रेडनिसोलोनच्या १० मिलिग्रॅमच्या एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम असतं, औषधं वेगळी आहेत म्हणून सरळ तुलना होत नाही पण अंदाज येतो. पंप टाळला आणि वारंवार अटॅक आले तर ह्याच गोळ्या पोटात जातात. उंचीचं अगदीच खोटं नाही, रोज पंप घेणाऱ्या मुलांची मोठेपणीची उंची साधारण एखाद्या सेंटीमीटरने कमी भरते असं बरीच वर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलंय. एक सेंटीमीटर. मी तो सौदा आनंदाने केला. घेतल्यावर चूळ भरायची, विसरायचं नाही. आणि मोठ्यांसाठी, नुसता निळा पंप ओढत राहू नका, जीना ह्या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या गाइडलाइनमध्ये २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना एकटा निळा पंप देऊ नका असंच लिहिलेलं आहे.

अजून एक. "दमा मुळासकट बरा" अशी जाहिरात रिक्षाच्या मागे किंवा पेपरात दिसली तर समजून जा. आपल्या औषध नियमांत शेड्युल जे नावाची यादी आहे, त्या यादीतले आजार बरे करण्याचा दावा औषधावर करता येत नाही, आणि ब्राँकियल ॲस्थमा, म्हणजे आपला दमा, त्या यादीत आहे. आणि जिथे बिननावाची पुडी देतात आणि तिने दोन दिवसांत जादू होते, तिथे जास्त सावध राहा, दम्याच्या पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड कुटून दिल्याचे प्रकार आपल्याकडे झालेले आहेत. ज्या स्टेरॉइडला घाबरून पंप सोडला तेच दसपट पोटात. आमच्या मॅडमबद्दल अशी शंका अजिबात नाही, त्यांनी तर नावं लिहून दिली.

तर जायचं का? ज्याला बोलायला माणूस हवंय, पंप-बिंप सगळं चालू ठेवायची तयारी आहे आणि पैसे जड नाहीत त्याने मॅडमकडे जावं, पहिली भेट पैसा वसूल. पॅकेज घेऊ नका, भेटीचे सुटे पैसे द्या, औषधाचं नाव लिहून मागा आणि घरी मीटर ठेवा. दमा जाईल म्हणून जाणार असाल तर तेवढ्या पैशात चांगला स्पेसर, मीटर, गादी-उशीची कव्हरं आणि छातीच्या डॉक्टरांच्या दोन-तीन भेटी होतात. शनिवारी संध्याकाळी गर्दी फार, पार्किंग नाहीच, खालचा वडापाव बरा आहे (दमेकऱ्याला नव्हे, सोबत आलेल्याला).

पॅकेजचे उरलेले पैसे परत मागितले तर मिळत नाहीत म्हणाले, पण घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर ट्रान्सफर होतं. मग नणंदेच्या नावावर केलं, ती केसगळतीसाठी जातेय. तिला काय गुण येतो ते तिलाच विचारा, केस मोजायचं मीटर आमच्याकडे नाही.